बाळाच्या लशीच्या दिवशी आईचे काय?

(छत्रपती संभाजीनगर येथे क्रांती चौक परिसरात झालेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



क्रांती चौकात कुणी बोलायला उभे राहिले की तो सत्तावनच्या समराविषयी बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती रास्तच आहे. एकेकाळी 'काला चबुतरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागेची स्मृती या शहराने जपली आहे. आज मात्र मला बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या बाळंतिणीविषयी. संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी थोडा संकोचलो. मी वैद्य नव्हे, पत्रकार. शिक्षण कला शाखेचे. परंतु डॉक्टर एखादा सल्ला द्यायचा की नाही हे कसे ठरवतात, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. त्यात घर येते, पैसा येतो, माहेर-सासर येते आणि विश्वासही येतो. म्हणून हे धाडस.

सव्वा महिना संपतो. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सारे यथासांग पार पडते. सहाव्या आठवड्यात बाळाला पहिल्या मोठ्या लशीसाठी दवाखान्यात नेले जाते. बाळाचे वजन होते, कार्डावर तारीख पडते, पुढची तारीख सांगितली जाते. कार्ड हाती धरून बसलेली आई बहुधा एकोणीस ते पंचवीस वर्षांची असते. तिच्याकडे त्या दिवशी कोण पाहते? टाके भरले का, अंगावर दूध पुरते का, एवढे विचारून झाले की तिचा विषय संपतो. याच भेटीत, तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीविषयी सांगावे की सांगू नये, असा प्रश्न आज स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे उभा आहे. हातात वेळ पाच मिनिटांचा, बाहेर रांग लागलेली.

आधी रोगाविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ चा अंदाज असा आहे, की भारतात एका वर्षात या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. बहुतेक वेळा हा रोग घरातल्या कर्त्या बाईला, चाळिशी-पन्नाशीत गाठतो. त्याचे कारण एक विषाणू आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून सुमारे सत्तर टक्के वा त्याहून अधिक रुग्णांना कारणीभूत असतात. संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. विसाव्या वर्षी शिरलेला शत्रू चाळिसाव्या वर्षी तोंड दाखवतो.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे सांगताना डॉक्टर अडखळतात आणि ऐकताना कुटुंब दुखावते. 'आमच्या घरात असले काही नाही' हे वाक्य कुणी उच्चारले नाही तरी चेहऱ्यावर उमटते. येथे स्पष्ट बोलले पाहिजे. हा संसर्ग इतका सर्वसाधारण आहे की विवाहित स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेला असतो. बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्याच स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो. शीलाशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे सर्दीचा संबंध चारित्र्याशी जोडण्यासारखे आहे. एकपत्नी, एकपती संसारातही तो असू शकतो.

आता लस काय करते आणि काय करत नाही, ते पाहू. ती संसर्ग अडवते. आधीच झालेला संसर्ग घालवत नाही. म्हणूनच तिचे खरे वय नऊ ते चौदा. विवाह झालेल्या, मूल झालेल्या स्त्रीला ती देण्यात अर्थ किती, हा डॉक्टरांपुढचा पहिला आणि अवघड प्रश्न. स्वीडनमधील सुमारे सोळा लाख सत्तर हजार मुली व स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी लस घेतलेल्यांत या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांत ५३ टक्क्यांनी. डेन्मार्कच्या तशाच अभ्यासात मात्र विशी उलटल्यावर लस घेतलेल्यांत लाभ दिसून आला नाही. डॉक्टर हे दोन्ही कागद समोर ठेवतात. एकोणीस वर्षांच्या आईला लाभ होण्याची शक्यता बरीच आहे, पंचवीस वर्षांच्या आईला ती कमी आहे, तिशी उलटलेलीला अगदी थोडी. शून्य आणि शंभर यांच्या मधल्या या पायऱ्या आहेत, आणि त्या घरच्यांना समजावून सांगायला पाच मिनिटे पुरत नाहीत. बरेच डॉक्टर मग गप्प राहतात. त्यांच्या गप्प राहण्याला मी दोष देत नाही. पण त्या मौनाची किंमत कोण मोजते, एवढे विचारतो.

परदेशी आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, असा आक्षेप येथे कुणी घेईल. तो योग्य आहे, आणि त्याची दुसरी बाजूही आहे. आपल्या मराठवाड्यात मुलीचे लग्न लवकर होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत, वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते; परभणी आणि बीड जिल्ह्यांत ते त्याच्या दुपटीच्या आसपास. लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती बदलण्याचे काम या सभागृहात बसलेल्यांचेही आहे. परंतु तोवर ऊसतोडीच्या टोळीतून येणारी अठरा-एकोणीस वर्षांची आई डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलेली असतेच. शाळेत तिला लस मिळाली नाही, कारण ती शाळेतच नव्हती. प्रसूतीच्या निमित्ताने ती प्रथमच व्यवस्थेच्या नजरेस पडते, आणि बाळाच्या लशी संपल्या की पुन्हा नाहीशी होते. ज्यांना ही भेट दवडू नये असे वाटते, त्या डॉक्टरांचा सारा युक्तिवाद यात आला.

गर्भारपणात ही लस देत नाहीत. नकळत दिली गेलीच तर घाबरण्याचे कारण नाही आणि गर्भपाताचा तर विचारही करायचा नाही. उरलेल्या मात्रा बाळंतपणानंतर द्यायच्या, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र लस देता येते. जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच भूमिका आहे. या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या कवचातील एका प्रथिनाची केवळ प्रतिकृती असते. तरीही शंका घ्यायची, तर पूर्ण घ्यावी. 'गार्डासिल' या परदेशी लशीच्या चाचण्यांत जवळपास एक हजार स्तनदा माता होत्या. लस मिळालेल्या मातांच्या बाळांपैकी ७ जणांना महिनाभरात श्वसनविकार झाला, तर लस न मिळालेल्या गटात २ जणांना. आकडा लहान आहे, त्यावरून लशीला दोषी धरता आले नाही; पण तो लपवलाही गेला नाही, लशीच्या माहितीपत्रकात छापला गेला. सावध डॉक्टर तो वाचतात, आणि बाळ अगदी अशक्त वा आजारी असेल तर आईची मात्रा पुढे ढकलण्याचा विचार करतात. टोचल्यानंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवणे तर आवश्यकच, कारण सुई टोचली की काहींना भोवळ येते आणि महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. कडेवर बाळ घेऊन उभी असलेली बाई भोवळ येऊन पडली तर त्या लशीचे नाव गावात पुन्हा कुणी काढणार नाही.

यानंतर मात्रांचा हिशेब. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलींना दोन मात्रा, पंधराव्या वर्षापासून पुढे तीन. पहिलीनंतर दोन महिन्यांनी दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी, असे आपल्याकडील वेळापत्रक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये विशीपर्यंत एक मात्राही पुरेशी ठरू शकते आणि एकविसाव्या वर्षापासून दोन मात्रा द्याव्यात, असे सांगितले. यामागच्या आधारांपैकी एक मोठा आधार भारतीय आहे. २००९ साली बार्शी, पुणे, मुंबईसह देशातील नऊ ठिकाणी दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींवर दोन आणि तीन मात्रांची तुलना सुरू झाली होती. मध्येच, २०१० मध्ये, शासनाने लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी, २०२१ साली निष्कर्ष आला, की त्या एका मात्रेनेही १६ आणि १८ क्रमांकांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून जवळपास तेवढेच संरक्षण दिले. परंतु या मुली अविवाहित होत्या. त्यांचा निष्कर्ष बाळंतिणीला उचलून लावता येत नाही, हे नीट जाणणारा डॉक्टर तिला 'एकच पुरे' असे सहजासहजी सांगत नाही.

मग तीन मात्रा पुऱ्या कशा होणार? पहिले बाळंतपण माहेरी होते. सहाव्या आठवड्यात पहिली मात्रा पैठणला टोचली, दुसरीच्या वेळी लेक सासरी जालन्याला, तिसरीच्या वेळी नवऱ्याच्या नोकरीच्या गावी चाकणला! प्रत्येक ठिकाणचे डॉक्टर वेगळे, कागद वेगळा, आणि पुष्कळदा कागदच नाही. यावर एक उपाय सुचतो, तो अगदी घरगुती आहे. बाळाच्या लशी सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात असतात आणि मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची. आईची पहिली मात्रा सहाव्या आठवड्यात दिली, तर दुसरी चौदाव्या आठवड्यात, म्हणजे नेमकी दोन महिन्यांच्या अंतराने येते, आणि तिसरी नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर घेता येते. तिसरीला थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही. बाळाचे कार्ड कोणतीही आजी हरवू देत नाही. त्याच कार्डाच्या मागे आईच्या तीन तारखा लिहिल्या की झाले. दरम्यान पुन्हा दिवस राहिले तर तेथेच थांबायचे आणि पुढच्या बाळंतपणानंतर राहिलेले पूर्ण करायचे.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने तयार केलेल्या 'सर्व्हावॅक' या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. परदेशी लशींची मक्तेदारी तिने मोडली, याचा आनंद आहेच. तरीही बाजारात आली तेव्हा खाजगी दवाखान्यात तिच्या एका मात्रेला सुमारे दोन हजार रुपये पडत होते. त्या हिशेबाने तीन मात्रांचे सहा हजार. नुकतेच बाळंतपण झालेल्या, सिझेरियनचे बिल फेडत असलेल्या घराला ही रक्कम लहान नाही.

येथे डॉक्टरांच्या विवेकाची कसोटी लागते. समजा, बाळंतीण चोवीस वर्षांची आहे आणि घरात बारा वर्षांची नणंद आहे. पैसा एकीपुरताच आहे. शास्त्र निःसंदिग्धपणे सांगते, की नणंदेला आधी द्या. तिला मात्राही कमी लागतात आणि लाभ कितीतरी अधिक. हे सांगणारा डॉक्टर आपले गिऱ्हाईक कमी करत असतो, पण त्या घराचा वैद्य होतो. बाळंतीण अठरा-एकोणीसचीच असेल, तर तिच्यासाठी आग्रह धरायचा. गर्भारपणातील तपासणीत एचआयव्ही आढळला असेल, तर आग्रह आणखी वाढवायचा, कारण अशा स्त्रीत हा विषाणू लवकर हटत नाही आणि कर्करोगाकडे वेगाने जातो.

आणि विचारायचे केव्हा? प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी वॉर्डात परिचारिका ट्रे घेऊन आली आणि 'घ्या टोचून, जाण्याआधी' असे म्हणाली, तर ती बाई हो म्हणेल. त्या अवस्थेत ती कशालाही हो म्हणेल. अमेरिकेत काही रुग्णालयांनी प्रसूती वॉर्डातच ही लस देण्याचा उपक्रम चालवला आहे, आणि तेथे तो उपयोगी पडला असेलही. आपल्याकडे मला तो रुचत नाही. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत विषय काढावा, माहितीपत्रक घरी वाचू द्यावे, नवऱ्याला आणि सासूबाईंना प्रश्न विचारू द्यावेत, आणि सहाव्या आठवड्यात निर्णय घ्यावा. निर्णय मात्र तिचा.

संमतीवर एवढा भर देण्याला कारण आहे, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना ते ठाऊक असेल. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत 'पाथ' या अमेरिकी संस्थेने हजारो मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प राबवला. त्यांतील सात मुलींचे पुढे मृत्यू झाले. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. आढळले ते वेगळेच, आणि तेही गंभीर होते: खम्ममच्या आश्रमशाळांमध्ये वनवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या प्रकाराची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. स्वदेशी जागरण मंचानेही २०१८ च्या प्रारंभी पंतप्रधानांना पत्र लिहून ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणण्यास विरोध दर्शवला होता. त्या वेळचे काही आक्षेप काळाने मागे टाकले आहेत. आपल्याच देशातील मुलींचा दहा वर्षांचा पाठपुरावा आता हाती आहे, आपल्याच राज्यात लस तयार होते, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची भूमिका जाहीर केली. संमतीविषयीचा आक्षेप मात्र आजही तितकाच खरा आहे. गरीब बाईला न विचारता केलेले भले तिला भले वाटत नाही, आणि तिची चूक नसते. संशयाने लसीकरण थांबते, तशीच घाईनेही ते थांबते. खम्ममच्या घाईने आपली दहा-बारा वर्षे खाल्ली.

आता बाळंतिणीशेजारी बाकावर बसलेल्या दुसऱ्या बाईकडे वळतो. तिची आई किंवा सासू, वय चाळीस-पंचेचाळीस. लस तिच्या कामाची नाही. पण रोगाच्या ऐन वयात तीच आहे! तिला हवी तपासणी, आणि या बाबतीत आपल्या मराठवाड्याने साऱ्या जगाला धडा दिला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बार्शीला टाटा मेमोरियलच्या साहाय्याने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय संशोधक यांनी मिळून १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. बावन्न गट पाडले. काही गटांत एकदाच एचपीव्हीची तपासणी केली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार केले. आठ वर्षांनी पाहिले तर त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेली तपासणी, आणि मृत्यू जवळपास निम्मे! हा निष्कर्ष २००९ साली जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तपासणी न मिळालेल्या त्या चौसष्ट जणींचे काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला आणि त्यावर मोठा वादही झाला. तो व्हायलाच हवा होता. तुळजापूर-भूमच्या खेड्यांतील त्या सर्व स्त्रियांचे, दोन्ही गटांतल्या, जगावर ऋण आहे.

धाराशिवच्या अभ्यासात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी करायच्या तपासणीने मृत्यू फारसे घटले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने आरोग्यसेविकांकरवी तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधी तपासणीही नीट आणि पुन्हापुन्हा झाली तर जीव वाचवते. असे असूनही २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी दोन टक्क्यांनीही ही तपासणी एकदासुद्धा केलेली नव्हती. शासकीय कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती करायची असते. आणि हे बाळंतिणीलाही लागू आहे. आज तिने तिन्ही मात्रा घेतल्या तरी तिशीला तपासणी चुकत नाही, कारण लस सर्व प्रकारच्या विषाणूंना अडवत नाही आणि आधी शिरलेल्याला बाहेर काढत नाही. लस देताना हे न सांगणारा डॉक्टर अर्धेच काम करतो.

आपल्या शहरात घाटी आहे आणि आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. ही तपासणी पाळीच्या दिवसांत करत नाहीत, म्हणून पाळी संपल्यानंतरचा दिवस धरावा. वेळ पाच-दहा मिनिटांचा, भूल नाही, उपाशी जायचे नाही. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जात असेल, किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर दिवस पाहत बसू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. नातवाच्या चौदाव्या आठवड्याच्या लशीला सूनबाईंबरोबर जाणारच असाल, तर आजींनी आपलाही केसपेपर त्याच वेळी काढावा. पूर्वी कधी तपासणी झाली असेल तर तिचे कागद सोबत न्यावेत.